इथून तिथपर्यंतची हवा

सुभेदार गेले हे मला कळलं तेव्हा त्यांचं दिवसकार्यही उरकलं होतं. मी सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला उभा होतो, हळकुंड मोडून आतला रंग बघत होतो आणि साताऱ्याहून त्यांच्या सुनेचा, वैशालीचा फोन आला. आवाजात रडणं नव्हतं, ते होऊन गेलं होतं. बाबा गेले, ती म्हणाली. आजार, दवाखाना, शेवटचे दिवस असं सगळं तिनं थोडक्यात सांगितलं आणि मग म्हणाली, "काका, बाबांची रंगाची खोली आवरतोय. तुमचा एक बोर्ड हाय इथं. न्यायला येताय नव्हं?" बोर्ड... चित्र म्हणाली नाही ती. त्याच्यावर काही आहे की नुसती कोरी फळी, एवढंच मला विचारायचं होतं. विचारलं नाही. येतो म्हणालो आणि फोन ठेवला. आजूबाजूला बोली चालूच होती. माझ्या पुढ्यातला माल दुसऱ्यानं उचलला तेही मला कळलं नाही.

त्या बोर्डावर माझ्या हातून झालेलं एकमेव धड चित्र होतं. निदान मी तो त्यांच्याकडे टाकून आलो तेव्हा तरी होतं. त्यानंतर वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

सुभेदार निकमांशी माझी ओळख झाली तीच भांडणातून. मी मूळचा कवठे महांकाळचा. सांगलीत पोती उचलायला आलो आणि त्याच यार्डात स्वतःची पेढी घातली. नवं घर बांधलं तेव्हा दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीला एखादं चित्र हवं म्हणून शोधात होतो. साताऱ्यात फ्रेमा करणाऱ्या एका दुकानात कोयनेच्या खोऱ्याचं एक तैलचित्र दिसलं. एकामागं एक डोंगर आणि शेवटचा डोंगर आहे की आभाळ ते सांगता येऊ नये असा. पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो आणि सवयीप्रमाणं भाव पाडायला सुरुवात केली. रंग किती लागला असेल, फळी साधीच आहे, एका कोपऱ्यात तर काहीच काढलेलं नाही... म्हातारा शांतपणे ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर त्यांनी एक असंच दुसरं चित्र उचललं, भिंतीकडं तोंड करून ठेवलं आणि म्हणाले, "शेठ, तुमाला डोंगर पायजे व्हय? मग काढाया शिका." मी म्हणालो, शिकवा. माझ्या आयुष्यात मला जे जे विकत मिळालं नाही ते मी शिकूनच घेतलं होतं. ते हसले. पुढच्या रविवारी मी खरोखरच दारात उभा राहिलो तेव्हा मात्र हसले नाहीत.

फौजेत असताना त्यांचं काम डोंगरांच्या रांगा कागदावर उतरवायचं होतं. तोफखान्यासाठी. कुठली रांग जवळची, कुठली लांबची हे रेषेत दिसायला हवं, नाहीतर गोळा भलतीकडं पडायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच डोंगर रंगात काढायला घेतले. रंगाचं कुणी शिकवलं नव्हतं, स्वतःच धडपडून शिकले होते. मुलगाही फौजेत, कायम लांबच्या पोस्टिंगवर. घरात सून आणि ते.

मला लांबचं काढता येत नव्हतं, ही माझी मोठी अडचण होती. आमच्या माळावरची हवा कोरडी. कोसावरचं बाभळीचं झाडही ताटात वाढल्यासारखं स्वच्छ दिसतं. त्यात धंद्याची सवय अशी की माल हातात घेऊन, मोडून बघितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. एकदा आम्ही कोयनानगरच्या वरच्या अंगाला बसलो होतो. पलीकडच्या उतारावर एक झाड दिसत होतं, निळसर, विरल्यासारखं. ते कसलं झाड आहे हे मला ठरवता येईना. शेवटी ब्रश खाली ठेवला, ओढा ओलांडून चालत त्या झाडापर्यंत गेलो, पानं बघितली, जांभूळ आहे याची खात्री केली आणि धापा टाकत परत येऊन हिरवंगार जांभूळ रंगवलं. पान न् पान. सुभेदार त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शेठ, झाड कुणी सांगितलं हुतं? इथनं तिथपतुरची हवा काढा म्हटलं हुतं मी."

हवा कशी काढायची ते मला कळायला फार काळ गेला. लांब जाईल तसा प्रत्येक रंगात थोडं आभाळ मिसळायचं. कडा कापल्यासारखी ठेवायची नाही, ओल्यातच ओलं फिरवून ती मोडायची. सगळ्यात गडद रंग पायाशी ठेवायचा, त्याला डोंगरावर चढू द्यायचं नाही. हे सगळं ते बोलून सांगत नसत. माझ्या चित्रापुढं उभे राहत, डोळे बारीक करत आणि दुपार झाली की पॅलेटवरची चपटी सुरी माझ्या हातात देऊन म्हणत, खरवडा. दर रविवारी हेच. सकाळभर रंगवायचं आणि दुपारी ओलं चित्र वरपासून खालपर्यंत खरवडून फडक्यानं पुसून टाकायचं. काही ठेवायचं नाही, कणभरही नाही. स्वतःचीही बहुतेक चित्रं ते अशीच खरवडत. मी मातीत सांडलेली हळदही गोळा करून घेणारा माणूस. मी भांडायचो. एवढा कोपरा तरी राहू द्या म्हणायचो. ते म्हणायचे, एक कोपरा राखला की बाकीचं सगळं त्या कोपऱ्याची चाकरी करत बसतं.

सांगलीत हे कुणाला माहीत नव्हतं. यार्डात सांगितलं असतं तर टिंगल झाली असती. घरी सांगितलं होतं, पण बायकोचा विश्वास नव्हता. दर रविवारी पहाटे साताऱ्याला जाणारा आणि हात हलवत परत येणारा नवरा बघून ती एकदा म्हणाली, "चित्रं काढताय म्हणताय, मग एक तरी घरी येऊ द्या. न्हाईतर तिथं कोण हाय तिचं नाव तरी सांगा." मी शर्टाची निळ्या रंगात बरबटलेली बाही तिच्या पुढं धरली. तिनं वास घेतला, टर्पेंटाइनच्या उग्र वासानं नाक मुरडलं आणि म्हणाली, बाई असती तर वास बरा आला असता.

आणि मग ते चित्र झालं. थंडीचे दिवस होते. धरणाच्या पाण्यावर धुकं बसलं होतं, पलीकडचा काठ मधेच दिसायचा, मधेच नाही. त्या सकाळी माझा हात कसा चालला ते मला अजून सांगता येत नाही. दुपारी मागं सरकून बघितलं तर पाणी खरंच लांब गेलेलं होतं. पहिल्यांदाच. मी वाट बघत होतो. एवढी वर्षं या माणसाच्या तोंडून मी 'बरं आहे' एवढंही ऐकलं नव्हतं. सुभेदार आले, उभे राहिले, डोळे बारीक केले... आणि सुरी पुढं केली. मी घेतली नाही. तेव्हा ते स्वतःच चित्राकडं वळले आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावायचा न्हाई," मी म्हणालो. "हे माझं हाय."

"म्हणूनच म्हणतोय, खरवडा."

"तुमाला बघवत न्हाई, सुभेदार. दुसऱ्याला जमलेलं बघवत न्हाई तुमाला."

त्यांनी मनगट सोडवून घेतलं आणि सामान आवरायला लागले. घाटातून उतरताना गाडी मी चालवत होतो. ओलं चित्र कुठं टेकवायचं म्हणून त्यांनी ते मांडीवर घेतलं होतं, दोन्ही कडांना फक्त बोटांची टोकं लावून. वळण आलं की अंग तिकडं झुकायचं, बोर्ड हलायचा नाही. हे मी बघत होतो आणि तरी माझा राग उतरत नव्हता. साताऱ्यात घरापाशी उतरताना त्यांनी बोर्ड माझ्याकडं केला. मी म्हणालो, ठेवा तुमच्याकडंच, खरवडा न्हाईतर जाळा, आणि गाडी वळवली. त्या वेळी मी जे बोललो ते मला आजही खोटं वाटत नाही. शिष्याला कौतुकाचा एक शब्द देताना ज्याची जीभ जड होते त्यानं शिकवू नये. त्यांचा फोन येईल म्हणून मी थांबलो. आला नाही. मीही केला नाही.

वैशालीनं सांगितल्यावर दोन दिवसांनी मी साताऱ्याला गेलो. फोटोला नमस्कार केला, चहा घेतला, फौजेतल्या मुलाची चौकशी केली. तिनं रंगाची खोली उघडली. ट्यूबा, ब्रश, फडकी सगळं खोक्यात भरलेलं होतं. उत्तरेच्या खिडकीपाशी चित्र टेकवायचा इझल तेवढा उभा होता आणि त्याच्यावर माझा बोर्ड.

खरवडलेला होता.

मी दारातच थांबलो. खरं सांगतो, परत फिरावं असं वाटलं. मग खिडकीच्या उजेडात जवळ गेलो. खालचे दगड, अलीकडचं पाणी, वरचं आभाळ, सगळं काढून टाकलेलं. फळीवर रंगाचा नुसता डाग राहिला होता. पण मध्ये, डावीकडं थोडं वर, वीतभर जागा तशीच होती. पलीकडचा काठ जिथं पाण्यात विरतो ती जागा. मी ती कधी रंगवली तेही मला आठवत नव्हतं. पहिलं मनात आलं की म्हाताऱ्याचा हात थकला असेल, राहून गेलं असेल. माल पारखणारा माणूस मी, बोट फिरवून बघितलं. सुरी त्या जागेच्या चारी बाजूंनी गेली होती, कडेकडेनं, जपून. आणि सुरीच्या खुणा ओल्या रंगातल्या होत्या. वाळलेला रंग असा सरळ निघत नाही, त्याचे टवके उडतात. म्हणजे हे आजारपणातलं काम नव्हतं. मी गाडी वळवून गेलो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी त्यांनी हे केलं होतं. ज्यानं स्वतःचं चित्र खरवडतानाही कणभर कधी राखलं नाही त्यानं माझ्या चित्रात वीतभर राखलं होतं. आणि वर्षभर ते समोर ठेवून बसले होते.

"कुणाला हलवू द्यायचे न्हाईत," वैशाली मागून म्हणाली. "शेठ आले की बघतील म्हणायचे."

"मग एक फोन करायचा हुता त्यांनी."

"तेच म्हणायची मी. तर म्हणायचे, भांडून तो गेलाय, त्यानंच यायला पायजे."

मी बोर्ड उचलला, निघालो.

राग गेला का, असं बायकोनं विचारलं. गेलेला नाही. ती वीतभर जागा मला वर्षभरापूर्वी बघायला मिळायला हवी होती, ते शेजारी उभे असताना. ही कशी साधली, आणि उरलेलं का साधलं नाही, हे मी त्यांना भांडून भांडून विचारलं असतं. आता विचारायला कुणी नाही. यार्डात माझ्याशी बोलणारी शंभर माणसं आहेत. यातलं अक्षरही मी त्यांच्यापैकी कुणाला सांगू शकत नाही.

बोर्ड आता माझ्या सांगलीच्या घरी वरच्या खोलीत आहे. रविवारी पहाटे जाग येते, गाडीची किल्ली हातात घेतो आणि ठेवून देतो. मग त्या जागेभोवती रंगवायला बसतो. अलीकडचं पाणी घालतो, आभाळ घालतो. पण ती जागा इतकी शांत आहे की शेजारी काहीही लावलं तरी ते ओरडल्यासारखं दिसतं. दुपारी मागं सरकतो, डोळे बारीक करतो आणि चारी बाजूंनी जपून सुरी फिरवून माझं सगळं काढून टाकतो. बायको वर येते, बघते आणि खाली जाते. एखाद्या रविवारी जमेलही. पण जमलं की नाही हे सांगणारा माणूस गेला... त्या दुपारी हातात सुरी घेऊन मी किती वेळ उभा राहीन, कुणास ठाऊक.