भिंतीवरचा जाईचा पाला

नवरा वारल्यापासून निंबर्गा गावातल्या घरात मी आणि एक शेळी, एवढंच उरलं होतं. बोलायला शेजारची अक्का तेवढी होती. एकदा शेळीनं दावं तोडून तिची जाई खाल्ली.

"शेळीला बांधून ठेवता येत न्हाई का?" ती ओरडली.

"मग तुझी जाई माझ्या भिंतीवर कामून यायलीय?" मी तिच्याहून मोठ्यानं विचारलं. तेव्हापासून आमचा अबोला.

त्याच उन्हाळ्यात माझं तोंड आलं. जीभ सोलल्यासारखी झाली, भाकरीचा तुकडा लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. तूप लावलं, कात लावला, धने भिजवलेल्या पाण्यानं अंगणात चुळा भरल्या. काही फरक पडेना. जाईचा पाला चघळला की उतार पडतो हे ठाऊक होतं, पण मागणार कुठल्या तोंडानं? तीन दिवस शेळीच्या दुधावर काढले.

चौथ्या दिवशी सकाळी भिंतीवर धुतलेल्या पाल्याची मूठ ठेवलेली दिसली. अक्कानं पलीकडून माझ्या चुळा ऐकल्या असणार. मी पाला चघळला, लाळ गाळली. आठवडाभर रोज ताजा पाला येत राहिला. तोंड बरं झालं, तरी मी तिच्याशी बोलले नाही. आधी तिनं बोलावं, असा माझा हट्ट.

पुढं रझाकारांची धास्ती वाढली, तशी अक्का आणि तिच्या घरची माणसं दाराला कुलूप घालून निजामाच्या हद्दीबाहेर अक्कलकोटाकडं निघून गेली. परत कुणीच आलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस मी शेळी मुद्दामच मोकळी सोडायची, आणि ती जाई खात असताना पलीकडून कुणी ओरडतंय का, ते ऐकत बसायची.