उम्म सलालमधलं अमेरिकन स्वातंत्र्य

नाटक संपतं, नाटकाचे किस्से संपत नाहीत. आमची मराठी मंडळी तिघं जरी जमली तरी जुने पाच किस्से निघतात आणि उठेपर्यंत सहावा तयार होतो! कतारमध्ये वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती, त्या वर्षी आम्ही उम्म सलाल मोहम्मदमध्ये मुलांचं नाटक बसवलं. त्यातलेच हे काही.

* * *

विषय मुलांनीच ठरवला. "अमेरिकन इंडिपेन्डन्स! वी जस्ट डिड इट इन स्कूल!"

दिग्दर्शक मी. पात्रता एवढीच, की त्या महिन्यात रास लफानच्या गॅस प्लँटवर माझी मॉर्निंग शिफ्ट होती आणि संध्याकाळ मोकळी. बंडखोर व्हायला तेराच्या तेरा मुलांचे हात वर! इंग्लंडचा राजा व्हायला मात्र कोणी तयार होईना. शेवटी देवधर साहेबांना धरलं. ते एका स्टेडियमवर प्रोजेक्ट मॅनेजर. दिवसभर माणसांना 'नाही' म्हणायची सवय, त्यामुळे त्यांना तालमीची गरजच पडली नाही.

* * *

सेटवरचं जहाज नामदेवनं केलं. नामदेव बीडकडचा सुतार, देवधर साहेबांच्याच साइटवर कामाला, राहायला बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत. जहाज ठोकता ठोकता एका शुक्रवारी त्यानं साहेबांना गाठलंच.

"साहेब, पोरीचं लगीन धरलंय पुढच्या महिन्यात. पंधरा दिसांची रजा द्या. तुमच्या सहीबिगर हापिस कागद घेत न्हाई."

"स्टेडियमचं छप्पर बसू दे, मग खुशाल जा."

"तुमचं छप्पर बसंस्तोवर माझा नातू चालाया लागंल, साहेब!"

आम्ही सगळे खो खो हसलो. नामदेव हसला नाही. मला नंतर फार ओशाळल्यासारखं झालं.

* * *

मग बंडखोरांनी इंग्रजांच्या चहाच्या पेट्या समुद्रात फेकायचा प्रवेश. समुद्र म्हणजे निळी चादर. मुलांना खरा चहाच हवा होता. आमच्या मंडळातल्या साठेबाईंनी पुण्याहून आणलेली दोन किलो पावडर काढून दिली आणि स्वतः चादरीच्या टोकाशी डबा धरून बसल्या!

"फेका रे बाळांनो, पण नेमकं इथे!"

क्रांती झाली, आणि संध्याकाळी त्याच पावडरीचा चहा आम्ही प्यायलो.

* * *

इंग्रज फौज म्हणजे मुलांचे बाबालोक. रंगीत तालमीच्या दिवशी मुलं पुठ्ठ्याच्या बंदुका रोखून उभी, समोर शत्रूच नाही! फोन केला, तर कळलं की प्लँटचा शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीचा धडाका, लागलाय आणि अख्खी फौज ड्युटीवर गेलीय.

"मग आता?" मुलांनी विचारलं.

"आता काय! खलास! अमेरिका बिनविरोध विजयी."

* * *

स्वातंत्र्य सोपं गेलं. सरकार स्थापन करताना घाम फुटला! दहा वर्षांची ईरा राष्ट्राध्यक्ष झाली, त्याबरोबर बाकी बारा जणांच्या आया माझ्याकडे. "आमच्याला काय?" मराठी मंडळ चालवलेला माणूस असल्या पेचाला घाबरत नाही. मी उपाध्यक्ष केले, कार्याध्यक्ष केले, सरचिटणीस, सहचिटणीस, दोन सल्लागार आणि एक निमंत्रित सदस्यही केला. सगळे खूश. फक्त जनता म्हणून एकही पोर उरलं नाही.

मग नामदेवला डोक्याला रुमाल बांधून उभं केलं. आमच्या अमेरिकेची तो एकुलती एक जनता.

* * *

प्रयोग झकास रंगला. शेवटच्या प्रवेशात हरलेला राजा तहावर सही करतो. तहाचा कागद जनतेनं आणायचा होता. नामदेव तबक घेऊन आला. देवधर साहेबांनी गुंडाळी उलगडली, पेन उचललं आणि ते थांबले.

मी विंगेतून वाकून पाहिलं. तह नव्हताच तो! कंपनीचा रजेचा छापील फॉर्म होता. कारण: मुलीचे लग्न.

पब्लिकला वाटलं, राजा काय दुःखी झालाय, वा! नामदेव मान खाली घालून उभा होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग परत त्याच्याकडे.

शेवटी राष्ट्राध्यक्ष ईराचा धीर सुटला. ती पुढे झाली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "अंकल, यू लॉस्ट द वॉर! जस्ट साइन इट!"

देवधर साहेबांनी मुकुट सारखा केला आणि सही ठोकली. खाली सवयीनं तारीखही टाकली.