तोंडभर खिळे

दुकानात दोघे भाऊ. थोरला कापड ताणतो, धाकटा ठोकतो. सोफे मढवायचं काम दोन माणसांचंच असतं. एकट्याने केलं तर कापडाला सुरकुत्या पडतात. धाकट्याच्या तोंडात मूठभर बारीक खिळे. जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी तोंडाला टेकवायचा, की ठक्क. थोरल्याच्या तोंडात सिगारेट. कापड धरलं की दोघांची डोकी वीतभर अंतरावर येतात. धुराला जायला वाट नसते, कारण दुकानातली एकुलती खिडकी सोफ्यांच्या लाकडी सांगाड्यांच्या ढिगामागे कधीच गडप झाली आहे.

धाकट्याने जन्मात सिगारेट ओढली नाही. ओढणार कुठून? भांडलाही नाही कधी कोणाशी, त्याच कारणाने. गल्लीत त्याला मुका म्हणत. बायको म्हणायची, "तुमच्याशी दोन शब्द बोलायचे तर आधी तुम्हाला थुंकायला लावावं लागतं."

मग एके सकाळी ओठांतून काढलेल्या खिळ्यावर रक्त दिसलं.

गंज असणार, त्याने ठरवलं. सगळे खिळे घरी नेऊन पातेल्यात उकळले. बायकोने डोकावून विचारलं, "मीठ घालू का?" तरी रक्त येतच राहिलं. मग त्याने खिळे डब्यात ठेवून काम सुरू केलं. हात डब्यापाशी, हात कापडापाशी. थोरला वैतागला. "कोंबडीसारखा दाणे टिपत बसलायस का? गिऱ्हाईक येऊन उभं राहील."

खिळे तोंडात धरणं थांबलं, तरी ब्रश रोज लालच. पुढचा दात हलायला लागला. धाकट्याला स्वस्थ बसवेना. जेवताना तो उठून आरशापाशी जाई, ओठ वर करून बघे, पुन्हा ताटावर येई, पुन्हा उठे. हा गेला की शेजारचा जाणार. वय काय आपलं? रात्री अंथरुणात जीभ दाताला ढकलत राही, आणि दात थोडा, अगदी थोडा, वाट देई.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. "रोज किती ओढता?"

"एकही नाही."

"खरं सांगा."

"तोंडात खिळे असतात हो माझ्या!"

त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. "आणि शेजारी कोण असतं?"

भावाचं नाव घेणं त्याला चहाडी केल्यासारखं वाटलं.

"दुसऱ्याचा धूरही हिरड्यांना बाधतो," त्या म्हणाल्या. "सगळा दोष त्याचाच, असं मी म्हणणार नाही; ब्रशही तुम्ही कसाबसाच फिरवता. हिरड्या मी साफ करून देते. झिजलेलं हाड काही परत येत नाही, आहे ते टिकवायचं. पण पुन्हा त्याच धुरात बसणार असाल, तर माझी मेहनत वाया."

तो सरळ दुकानात गेला नाही. त्याच रस्त्याने वर गेला, खाली आला. तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होता. दादा, जरा. दादा, तुला राग येईल. वडील गेले तेव्हा याच दादाने शाळा सोडून घराचा गाडा ओढला होता, हातोडी कशी धरायची ते शिकवलं होतं. त्याला काय सांगायचं, की तुझा श्वास मला नको?

दुकानात शिरला तर धूर छतापर्यंत.

"दादा, बाहेर जाऊन ओढ," एवढंच निघालं, तेही मोठ्याने.

मग डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही त्याने सांगितलं. थोरला सगळं ऐकून हसला. "ओढतो मी आणि दात तुझे हलतात? माझे बघ, सगळे शाबूत! डॉक्टरने तुझ्या डोक्यात काहीतरी भरवलंय."

"माझे हलतायत, दादा."

"एवढीच नाजूक तब्येत असेल तर तू हो बाहेर."

धाकट्याने अर्धा मढवलेला सोफा उचलला, उंबऱ्याला खरवडत फुटपाथवर ओढला. एका हाताने कापड ताणलं, दुसऱ्याने ठोकलं. सुरकुती. उचकटलं. पुन्हा ठोकलं. पुन्हा सुरकुती. येणारेजाणारे वळून बघत होते. थोरला दारात उभा राहून ओढत होता.

"अरे, फाडशील!" शेवटी त्याला राहवेना. तो आला आणि तोंडातली सिगारेट तशीच ठेवून कापडाची कड दोन्ही हातांनी खेचून धरली. कापड तबल्यासारखं ताणलं गेलं. "हां. ठोक."

धाकटा हातोडी धरून उभा.

"ठोक ना."

राख लांबत गेली. धूर थोरल्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत जाऊ लागला, आणि दोन्ही हात अडकलेले. मनगटं थरथरायला लागली. धाकटा खाली बघत होता. वर बघितलं असतं तर त्याच्याच्याने असं अडून राहवलं नसतं.

"गाढवा," थोरला म्हणाला आणि सिगारेट गटारात थुंकली. "आता तरी ठोक."

धाकट्याने भराभर ती कड ठोकून काढली. एकही सुरकुती नाही.

दुसऱ्या कडेला वळताना थोरल्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. धाकट्याने हातोडी खाली ठेवली.