शनिवारचं तिळाचं तेल

चिपळूणहून निघालेली बस दादरला पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. वाटभर माझा डोळा लागला नव्हता. आदल्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला होता. "मावशी, आईला परत दम लागला. डॉक्टर म्हणतात, हृदय ठीक आहे, जुना दमा पंपाने आटोक्यात आहे, हे भीतीने होतंय. उद्या शनिवार असून मला ऑफिस आहे. येशील का?"

ताई माझी मोठी बहीण. भाऊजी गेल्यापासून लालबागच्या चाळीत दिवसभर एकटी असते. श्वास अडकेल या धास्तीनेच तिचा श्वास अडकतो. आपण पोचेपर्यंत ही असेल ना, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

मग थेट लालबागला जायचं सोडून मी गिरगावची टॅक्सी का केली? आमच्या चिपळूणच्या वैद्यबाईंनी सांगितलं होतं, "पंप चालूच ठेवा, नाकात काही घालू नका. घाण्याचं तिळाचं तेल कोमट करून, चिमूटभर सैंधव घालून, छाती-पाठीला आणि तळपायांना हलक्या हाताने चोळा. जीव शांत होतो." आणि तेल म्हटलं की गिरगावचंच, हे आमच्या आईने डोक्यात भरवलेलं. खरं सांगायचं तर, रिकाम्या हाताने गेले असते तर मीही तिच्याशेजारी बसून घाबरलेच असते.

गिरगावात उतरले तर अर्धा रस्ता पत्र्यांनी अडवलेला. लग्नाआधी मी याच रस्त्यावरच्या एका कचेरीत टायपिस्ट होते. आई रविवारी बळेच तोंडाला तेल चोपडायची आणि सोमवारी मी त्यावर पावडरचा असा थर द्यायचे की घाम आला की चेहरा पिठात घोळवलेल्या बोंबलासारखा दिसे. वर, लोक वळून बघतात ते रूपाला भुलून, असा बाईसाहेबांचा ठाम समज!

काष्ठौषधींच्या (वाळलेल्या मुळ्या-सालींच्या) दुकानात ओव्याचा आणि वेखंडाचा वास होता. काउंटरवरच्या गृहस्थांनी बाटली हातात धरून विचारलं, "आजच नेताय?"

"मग काय मुहूर्त बघू?"

ते नुसते हसले. का हसले, ते मला पुढे कळलं.

शेजारच्या हॉटेलात पीयूष (श्रीखंडाचं पातळ, गोड भावंड) मागवलं आणि ताईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच. पीयूष अर्धं टाकून मी रस्त्यावर आले. तीन टॅक्सीवाल्यांनी नाही म्हटलं, चौथ्याने बसवलं. भायखळ्याला गाडी तुंबली. मी सारखी फोन लावतेय आणि मांडीवरच्या पिशवीतून काहीतरी ओलं झिरपतंय. बाटलीचं झाकण सैल! ताईसाठी आणलेले खाजे तेलात न्हाले होते आणि माझी साडीही.

"आजी, सीट खराब होईल हां," टॅक्सीवाला आरशात बघून म्हणाला.

"सीट पुसून देते रे बाबा, तू आधी लालबागला पोचव. बहीण फोन उचलत नाहीये."

त्याने लगेच गाडी आत वळवली. गल्लीबोळांतून कुठून कुठून काढली गाडी, देव जाणे.

तीन मजले चढताना माझीच छाती भात्यासारखी चालली होती. दार उघडं. ताई पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसलेली. पंप उशाशी, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

"फोन... घ्यायला... उठवेना," ती म्हणाली. दोन शब्दांमागे एक श्वास. "पंप... घेतलाय."

मी घाईघाईने बाटली बाहेर काढली. "तेल आणलंय. गरम करते."

ताईने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कधी... घेतलंस?"

"आत्ता. गिरगावातून."

"शनिवारी?" तिचे डोळे मोठे झाले. "शनिवारी... तेल विकत... घेतलंस? माझ्या घरात... नाय आणायचा. बाहेर ठेव गो!"

शनिवारी तेल विकत घ्यायचं नाही, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक! आणि मी आजी होऊन विसरले. वाद घालायला माझ्यात दम नव्हता. मी बाटली घेऊन गॅलरीत गेले, भिंतीला टेकले आणि मटकन खालीच बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली.

"शाले?" आतून हाक. मला उत्तर देता येईना. "शाले, काय झाला?"

पलंग करकरला. भिंतीला धरून ताई बाहेर आली. मला बघितलं, आणि शनिवार-बिनिवार सगळं कुठच्या कुठे गेलं. शेजारच्या वहिनींनी पाणी आणलं आणि वाटीत तेल कोमट करून दिलं. ताई मागे स्टुलावर बसली आणि माझ्या पाठीवर हात फिरवू लागली, वरून खाली, सावकाश.

"हाताबरोबर श्वास सोड. घाई नको. हां."

मी सोडत होते. थोड्या वेळाने जाणवलं, मागून दुसराही श्वास येतोय, माझ्याच लयीत, लांब.

आणि मग ती सुरू झाली. "या वयात तीन जिने धावत चढते, अर्धपोटी, वर शनिवारी तेल घेऊन येते, अक्कल म्हणून नाय, आईने तुला तेव्हाच धपाटे घालायला हवे होते!"

एका दमात! मी मान खाली घालून ऐकत राहिले. वहिनींना वाटलं मी रडतेय.

आठवडाभर राहिले. एकदा दुपारी तिला पुन्हा दम लागला, पंप घ्यावा लागला, आणि आम्ही दोघी सारख्याच घाबरलो. त्यामुळे तेलाने ती बरी झाली, असं मी कुणाला सांगणार नाही. पण दुसऱ्याचं अंग चोळताना तिला स्वतःच्या छातीचा विसर पडतो, हे मी पाहिलंय.

आता मी चिपळूणला आहे. रोज सकाळी तिचा फोन येतो. मी मुद्दाम जरा धाप लागल्यासारखी बोलते. ती रागावते, फोन स्पीकरवर ठेवायला लावते आणि तेल कसं चोळायचं ते सांगता सांगता तिकडे स्वतःलाही चोळून घेते.

ज्या दिवशी फोनला उशीर होतो, त्या दिवशी मला सोंग करावं लागत नाही.