धारोष्ण

धारोष्ण दूध म्हटलं की मला आजही मळमळतं.

माझे सासरे, म्हणजे आबा, म्हशीखाली बसले की चरवीतल्याच दुधात बोटं बुडवून सड ओले करायचे. धार काढताना पुन्हा बुडवायचे. शेणाने माखलेली शेपटी फटकन फिरली की शिंतोडे चरवीत. ते करंगळीने काढून टाकायचे आणि तीच चरवी माझ्या दीड वर्षाच्या लेकीच्या तोंडाला लावायचे. फेसाची मिशी घेऊन ती हसायची नि मला शिसारी यायची.

आणि मी नोकरी करायचे कुठे, तर धुळ्याच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत! दूध नीट तापलंय का, हे तपासायचं माझं काम. कच्च्या दुधात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. रोगजंतू मरायला लागते साधारण तेवढ्याच उष्णतेत तेही निकामी होतं. नळीत औषध घालून ती कोमट पाण्यात ठेवायची. पिवळी झाली तर विकर जिवंत, मग जंतूंचाही भरवसा नाही. म्हशीच्या अंगची ऊब जंतूंना मारत नाही, उलट पोसते, हे सांगून माझ्या तोंडाला फेस आला. आबांचं एकच, उकळलं की सत्त्व जातं.

शेवटी चिडून मी नळ्या आणि औषध घरी आणलं. एका नळीत चरवीतलं दूध, दुसरीत उकळून गार केलेलं. काही वेळाने पहिली पिवळीधमक, दुसरी पांढरीच. मला वाटलं, आता तरी पटेल.

“पिवळं म्हनजे काय?” आबांनी विचारलं.

“त्यातलं अजून जिवंत आहे, आबा.”

त्यांचा चेहरा खुलला. “देख, जित्तं शे! नि तुन्हं मरेल. मन्ही नातले मरेल दूध पाजस?” त्यांच्या अहिराणीत ‘मरेल’ म्हणजे मेलेलं.

नवरा हसला. सासूबाई, आमच्या अक्का, चुलीपाशी गप्प बसून होत्या. मी रागाने नळ्या मोरीत ओतल्या.

त्याच उन्हाळ्यात लेकीला हगवण लागली. रक्त पडू लागलं तेव्हा तिला धुळ्याला दवाखान्यात नेलं. दुपट्यांच्या घाणीने जीव नको झाला होता. तिचे डोळे खोल गेले होते, रडताना पाणीसुद्धा येत नव्हतं. मला आबांची, त्या म्हशीची, गप्प राहणाऱ्या नवऱ्याची, सगळ्यांची किळस आली होती. सलाईनवर कशीबशी ती वाचली.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, यापुढे दूध उकळल्याशिवाय द्यायचं नाही.

आबा ताठ उभे राहिले. “डॉक्टर, आम्ही बठ्ठा, सारं घर, याच दूधवर वाढनूत.”

तेव्हा अक्का बोलल्या. आबांसमोर त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

“बठ्ठा? मन्हा दोन पोरे हगवणमाच गयात ना. त्यासनं नाव बी नही काढतस तुम्ही.”

मी त्या घरात येऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्या दोन मुलांबद्दल मला कुणीही सांगितलं नव्हतं.