चुकीच्या खांद्यावरची शाल

गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या गुडघ्याचा एमआरआय पाठवला आणि खाली लिहिलं, "डॉक्टरकाका, जरा बघून सांगा ना." मी बघितला. गुडघा होता. त्यापलीकडे मला सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण मी डॉक्टर नाही. कधीच नव्हतो.

बायको शेजारी लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "आता लिहून टाका एकदाचं. नाहीतर तुमच्या शोकसभेतही लोक डॉक्टर म्हणतील, आणि तेव्हा तुम्हाला उठून दुरुस्ती करता यायची नाही."

म्हणून हे लिहितो आहे. निदान मराठी मंडळाच्या लोकांनी तरी वाचावं.

मी इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीचा टेक्नॉलॉजिस्ट होतो. नाव लांबलचक आहे, काम सांगायला सोपं. पोट न फाडता, सुईएवढ्या छिद्रातून तार आणि नळी आत घालून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत डॉक्टर आतली दुरुस्ती करतात. त्यांच्या शेजारी उभं राहून टेबल सरकवणं, नेमक्या क्षणी चित्र पकडणं, हवी ती तार हातात देणं, हे माझं काम. त्यातही मी फिरता. एखाद्या हॉस्पिटलात माणूस कमी पडला की तीन महिन्यांच्या करारावर तिथे जायचं, करार संपला की पुढचं गाव. मुलं आपापल्या वाटेने गेल्यावर इथे अमेरिकेत, प्लेनोच्या घरात आम्ही दोघंच उरलो, आणि निवृत्त होऊन दिवसभर एकमेकांकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं, असं आमच्यापैकी एकीचं मत पडलं.

फिरत्या माणसाचा पहिला आठवडा कपाटं उघडण्यात जातो. तार तीच, नळी तीच, पण प्रत्येक हॉस्पिटल ती वेगळ्या कपाटात लपवतं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करायला सांगावं तसं होतं. डॉक्टर हात पुढे करून उभे, आणि आपण साखर शोधतोय.

दुसरी गोष्ट शिशाच्या एप्रनची. एक्स-रेपासून बचाव म्हणून तो जड एप्रन सगळ्यांनाच घालावा लागतो. कायमच्या लोकांचे एप्रन त्यांच्या मापाचे असतात, छातीवर नाव शिवलेलं असतं. फिरत्याला खुंटीवर उरलेला मिळतो. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या हॉस्पिटलात मला मिळाला तो निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांचा होता. छातीवर जांभळ्या दोऱ्याने त्यांचं नाव, आणि नावाआधी ठसठशीत 'डॉक्टर'. पहिल्या दिवशी मी त्यावर पांढरी चिकटपट्टी लावली. काही दिवसांनी ती सुटली. मी पुन्हा लावली नाही. पट्टी संपली नव्हती.

तिथली खरी डॉक्टर होती एक तिशीतली मुलगी. जन्म इथलाच, आईवडील साताऱ्याकडचे. मराठी सगळं समजायचं, बोलताना मात्र 'काका' एवढाच शब्द मराठी, बाकी इंग्रजी. हात विलक्षण हलका. तिच्या हाताखाली काम करताना मला कितीदा वाटायचं की तार तिच्या मनातलं ऐकून वळते आहे. पण तिच्या आईला हे काम पटत नव्हतं. "हार्टचं काहीतरी केलं असतंस तर! एक्स-रे काय, कोणीही काढतं," असं आई दर रविवारी फोनवर म्हणायची. मुलगी मला हे हसत सांगायची आणि सांगून झाल्यावर मोजलेल्या तारा पुन्हा मोजायची.

एका दुपारी टेबलावर आल्या एक मावशी. मूत्रपिंडातून खाली जाणारी वाट खड्याने बुजली होती आणि ताप चढत होता. पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून तुंबलेलं मोकळं करायचं होतं. मावशींचा मुलगा तेलकंपनीचा इंजिनियर, तो तेव्हा भर समुद्रात कामावर. डॉक्टरने फोनवरच्या हिंदी दुभाष्याला मध्ये घेऊन सगळं समजावलं. मावशींनी मान डोलावली, सही केली, आणि मुलगी बाहेर गेल्यावर माझ्या छातीवरचं 'डॉक्टर' वाचत मला म्हणाल्या, "पोरगी चुणचुणीत आहे. नर्स आहे का?"

"हो," मी म्हणालो, "फार चुणचुणीत आहे."

प्रश्न दोन होते आणि मी एकाचंच उत्तर दिलं. त्या 'हो'चं मावशींनी काय करायचं ते केलं.

या कामात रोगी बहुतेकदा जागाच असतो, थोडासा गुंगीत. मावशींना पालथं झोपवलं होतं, तोंड माझ्या बाजूला. त्यांना दिसत होती माझी कंबर, आणि ऐकू येत होता माझा आवाज.

"मावशी, आता टोचल्यासारखं होईल."

"टोचा. चार बाळंतपणं झालीत माझी."

"श्वास घ्या. धरा. हलू नका. हं, सोडा."

"तुम्ही कुठले हो?"

"सोलापूरचा. हलू नका."

"सोलापुरात कुठे?"

"काका, व्हॉट इज शी सेइंग?" डॉक्टरने विचारलं.

"शी वॉन्ट्स माय अ‍ॅड्रेस."

"टेल हर आफ्टर द नीडल!"

"ही मुलगी मधे मधे का बोलते?" मावशी म्हणाल्या. "तुम्हाला कामात व्यत्यय येत नाही का?"

पहिल्याच प्रयत्नात सुई जागेवर गेली. मी फक्त तार दिली आणि नळी दिली. मावशींचा ताप उतरला, त्या घरी गेल्या, आणि शुगर लँडच्या प्रत्येक मराठी घरात बातमी पोहोचली की सोलापूरच्या एका डॉक्टरांनी बोलता बोलता मावशींचा जीव वाचवला. मुलाने परत आल्यावर कागद वाचून आईला खऱ्या डॉक्टरचं नाव सांगायचा प्रयत्न केला म्हणे. "तू होतास का तिथे?" असं विचारून मावशींनी तो विषय मिटवला.

तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मावशींचे शेजारी. दिवाळीच्या कार्यक्रमात माझा सत्कार ठरला. मी 'नको' म्हणालो, पण 'नको' म्हणायचेही प्रकार असतात. माझं 'नको' लग्नात वाढपी जिलबी घेऊन आल्यावर म्हणतात त्यातलं होतं.

शाळेचं सभागृह भाड्याने घेतलेलं. माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ, समोर माईक. आणि तिसऱ्या रांगेत, आईने ओढून आणलेली, सलवार कमीज घातलेली माझी डॉक्टर. तिला बघून माझे पाय गार पडले. मी माईकमध्ये म्हणालो, "मी खरंच काही केलेलं नाही. सगळं डॉक्टरांनी केलं."

"ऐकलंत?" अध्यक्ष दुसऱ्या माईकवरून गरजले. "याला म्हणतात नम्रता!"

टाळ्या.

"नाही, म्हणजे, मी डॉक्टर..."

"आपले सगळ्यांचे डॉक्टरकाका!"

आणखी टाळ्या. माईक अजून माझ्याच हातात होता. एक धड वाक्य बोलायला कोणी अडवलं नव्हतं. पण लहानपणी मला डॉक्टरच व्हायचं होतं. मार्कांनी ते होऊ दिलं नाही, आणि इतक्या वर्षांनी तो शब्द भर सभेत आपण होऊन चालत आला होता. शिवाय एसी जोरात होता आणि शाल उबदार होती. मी माईक परत दिला. तिसऱ्या रांगेतली मुलगी सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होती.

जेवणाच्या रांगेत तिची आई माझ्या पुढेच होती. लेकीच्या ताटात मसालेभात वाढत म्हणाली, "बघितलंस? याला म्हणतात डॉक्टर. नाहीतर तू, फोटो काढणारी." मुलगी माझ्याकडे बघून फक्त हसली आणि म्हणाली, "काका, नाइस शॉल." मी श्रीखंड घेतलं. ते खाल्लंही, हे मला आजवर विसरता आलेलं नाही.

करार संपला, मी प्लेनोला परतलो. थोड्या दिवसांनी त्या डॉक्टर मुलीचा फोन आला. "काका, शी वोन्ट लेट मी टच हर." मावशींचा खडा अजून काढता आला नव्हता, त्यामुळे पाठीतली नळी तशीच ठेवायची होती. पण अशी नळी ठरावीक काळाने बदलावी लागते, नाहीतर ती आतून बुजते आणि पुन्हा तोच ताप. मावशी हॉस्पिटलात येऊन अडून बसल्या होत्या: माझे डॉक्टर येतील तेव्हाच हात लावू देईन. मुलाने नाव सांगितलं, दुभाष्याने सांगितलं, नर्सने सांगितलं. उपयोग शून्य. मुलीचा आवाज पहिल्यांदा घाबरलेला ऐकला. "काका, प्लीज. टेल हर."

मी बायकोला सांगितलं. तिने कपाटातून ती शाल काढून गाडीत ठेवली. ह्यूस्टनच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्याचं मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

मावशी पलंगावर बसल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "आलात! आता घाला ती नळी."

"मावशी, मी डॉक्टर नाही."

"पुरे तुमची नम्रता."

"नम्रता नाही हो, खरंच नाही! तो एप्रन दुसऱ्याचा होता. मी टेबल सरकवतो, फोटो काढतो. तुमच्या पाठीत सुई हिनं घातली."

मावशींनी दारात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे स्टेजवर तुम्ही खोटं बोललात?"

"खोटं नाही बोललो. खरं पुरतं नाही बोललो."

"ते मी सासरी पन्नास वर्षं केलं. मला शिकवू नका." त्यांनी तोंड फिरवलं. "एकदा फसवलंत. आता ही डॉक्टर, हे कशावरून धरू?"

मी म्हणालो, "त्या दिवशी मधे मधे बोलत होती ना, ती हीच. श्वास कधी धरायचा, कधी सोडायचा, सगळं ही सांगत होती. मी नुसतं मराठीत म्हणत होतो."

मावशींनी चष्मा नीट करून मुलीला न्याहाळलं. मग म्हणाल्या, "मग आता तिलाच म्हणू दे."

मुलगी पुढे आली. "श्वास... धर."

"धरा म्हण. तुझ्या आजीच्या वयाची आहे मी."

"धरा. हलू... नका?"

"विचारतेस काय? सांग."

"हलू नका!" मुलगी ओरडलीच. मावशींनी शांतपणे चष्मा काढून मुलाच्या हातात दिला. "चला," म्हणाल्या.

माझा करार संपलेला, त्यामुळे मला आत जायची परवानगी नव्हती. मी मावशींच्या मुलाबरोबर बाहेर बसलो, मांडीवर शालीची पिशवी. आत जुनी नळी निघाली, नवी गेली. मावशी बाहेर आल्या त्या बोलतच.

"हात हलका आहे हो हिचा. कळलंसुद्धा नाही. पण धरा म्हणाली आणि सोडा म्हणायलाच विसरली! मीच विचारलं, बाई, सोडू का?"

मुलगी लाल झाली होती. मावशींनी तिच्याकडून तिच्या आईचा नंबर घेतला आणि पलंगावरूनच फोन लावला. "तुमच्या मुलीनं दोनदा वाचवलं मला. हो, तीच, फोटोवाली. आणि ते सोलापूरचे आहेत ना, ते टेबल सरकवतात." मग पलीकडचं बराच वेळ ऐकून घेतलं. "रडू नका," म्हणाल्या, "तिला जेवायला बोलवा."

मुलगी मॉनिटरकडे बघत होती. मॉनिटर बंद होता. मी पिशवीतून शाल काढली तेव्हा ती म्हणाली, "नो, काका, इट्स युअर्स."

"घे गं," मावशी म्हणाल्या, "हातपाय गार पडलेत तुझे. इथे एसी फार आहे."

तिने घेतली.