घरची हत्यारं

ईश्वराने या जगात जेवढ्या म्हणून वस्तू निर्माण केल्या, त्या सगळ्या मोटारीचं इंजिन उघडण्यासाठीच केल्या, अशी माझ्या मावशीच्या यजमानांची ठाम श्रद्धा होती. लाटणं पोळ्यांसाठी, डबा तुपासाठी, खिडकीचा गज चोरासाठी, ही त्या त्या वस्तूची नुसती पूर्वावस्था. खरा जन्म पुढे, बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर, त्यांच्या हातून व्हायचा. आम्ही त्यांना काका म्हणत असू. एका कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवत आणि नखांत काळं ग्रीस घेऊन मोक्षाबद्दल बोलत. विद्यार्थ्यांना मोक्ष आणि मोटार दोन्ही सारखीच दूरची वाटत असल्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

मी शिकायला बडोद्याला आले तेव्हा सयाजीगंजात हॉस्टेलवर राहायची आणि रविवारी जेवायला मावशीकडे जायची. फाटकातून आत शिरलं की पहिलं दर्शन काकांच्या पाठीचं. बॉनेट उघडं आणि त्यात काका कमरेपर्यंत वाकलेले. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, फिकट निळी, वयाच्या मानाने बरी चालणारी. पण बरी चालणारी गाडी काकांना बघवत नसे. चालवण्याची त्यांना फारशी हौस नव्हतीच. गाडी ही त्यांच्या मते उघडण्याची वस्तू, पण मधूनमधून चालवली नाही तर उघडायला निमित्त उरत नाही, म्हणून ते ती स्टेशनपर्यंत नेऊन आणत. येताना कान टवकारून बसत, आणि घरी पोचताच समाधानाने म्हणत, "काहीतरी वाजतंय."

काम सुरू करण्याआधी काका स्वप्न बघत. हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. एखादा नट हात न पोचणाऱ्या सांदीत बसलेला असला की दुसरा माणूस उठून दुकानात जाईल आणि त्या सांदीत जाणारा खास पाना विकत आणेल. काका झोपाळ्यावर जाऊन बसत. मावशीने ठेवलेल्या चहावर साय धरायची, कडुनिंबाची सावली फाटकापासून ओट्यापर्यंत सरकत यायची, आणि काका एका पायाने हलका झोका देत कुठेच न बघता बघत असायचे. हरणीच्या विमानतळावरून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं की तेवढी मान वर करून म्हणायचे, "त्याचं इंजिन कशाने उघडत असतील?" उत्तर कुणाला ठाऊक नसे आणि त्यांनाही ते नको असे. मग केव्हातरी त्यांची नजर घरातल्या एखाद्या वस्तूवर येऊन थांबायची, आणि चेहऱ्यावर एक कोवळं हसू पसरायचं.

लाटण्याचं तसंच झालं. क्लचची तबकडी बसवताना ती बरोबर मध्यावर धरून ठेवावी लागते म्हणे. त्यासाठी बाजारात एक दांडा मिळतो. काकांना तो दांडा मावशीच्या लाटण्यात दिसला. त्यांनी त्याचं एक टोक कानशीने घासून बारीक केलं, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि क्लच झोकात बसवला. मावशीला हे कळलं ते पाहुणे पानावर बसल्यावर. "अहो, लाटण्याने कुणी क्लच बसवतं का?" ती ओरडली. काका शांतपणे म्हणाले, "दुकानात दांडा मिळतो गं. पण तो सगळ्यांच्याच गाड्यांचा असतो." मावशीने नवं लाटणं आणलं, आणि पुढे कित्येक दिवस ती ते उशाशी घेऊन झोपते अशी सोसायटीत बोलवा होती.

पिस्टनच्या कड्या आवळून धरायला तुपाच्या डब्याचा पत्रा लागला. बेअरिंग ओढून काढायला चकल्यांचा सोऱ्या लागला. सोऱ्या तेवढा काकांनी घासूनपुसून जागेवर ठेवला होता, पण त्या दिवाळीत समोरचे गुजराती भाई चकली खाता खाता थबकले. "काकी, आ वखते टेस्ट कंइक जुदो छे," या वेळची चव काही न्यारीच म्हणाले आणि आणखी दोन मागून घेतल्या. माझ्या लग्नाच्या वेळी तर मुलाचं घर बघायला वडीलधारे म्हणून काकांनाच पाठवलं होतं. ते परत आले तेव्हा आम्ही सगळ्या जीव मुठीत धरून बसलो होतो. मावशीने विचारलं, "मुलगा कसा आहे?" काका स्वप्नातून बोलल्यासारखे म्हणाले, "मुलगा ठीक आहे. पण त्यांच्या झोपाळ्याच्या कड्या बघायला हव्या होत्यास. असं पितळ आता ओतत नाहीत." त्या एका शिफारशीवर मी हरणीला सून म्हणून गेले आणि आजवर मला पस्तावा झालेला नाही.

काकांच्या हत्यारांना आकडे नव्हते, नावं होती. एक होती वाकडी, एक लाजरी, एक सासूबाई, कारण ती कुठल्याही सांदीत शिरायची. बाजारचे साधे पाने होते चारपाच, वडिलांच्या वेळचे, पण त्यांच्यावरचे आकडे कधीच घासून गेले होते आणि त्यांनाही थोरला, मधला, धाकटा अशी घरातल्या पोरांसारखी नावं पडली होती. काकांचे आजोबा संस्थानात मोजणी खात्यात होते. त्या घराण्याने मापांचा सगळा साठा त्याच पिढीत संपवला असावा. काकांचा एकुलता एक मुलगा, माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तो याच हत्यारांत वाढला. "लाजरी दे," म्हटलं की त्याचा हात न बघता लाजरीवर पडायचा. ती कितीची, हे त्याने कधी विचारलं नाही आणि काकांनी कधी सांगितलं नाही.

त्या वर्षांत बाजार बदलत होता. परदेशी मालाची दुकानं निघाली, सोसायटीत हप्त्याने घेतलेल्या नव्या गाड्या आल्या, आणि त्यांच्या बॉनेटखाली सगळं झाकूनपाकून ठेवलेलं. काका ते आजाऱ्याला भेटायला गेल्यासारखे बघून यायचे. हत्यारांच्या दुकानातही ते जात. काचेमागचा चकचकीत पाना मागून घ्यायचे, तळहातावर तोलायचे, त्याची तोंड भरून स्तुती करायचे आणि परत द्यायचे. दुकानदार घेऊन जायचा आग्रह करत म्हणायचा, "लई जाव ने, साहेब." काका म्हणायचे, "फार सुंदर आहे. पण याच्यात मला करायला काही राहिलेलंच नाही." बाजारच्या हत्याराला हात ओळखता येत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. ते दादाने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की तो झोपेतही म्हणून दाखवेल.

असा हा दादा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला आणि पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा पहिल्या पगारातून वडिलांसाठी हत्यारांची एक पेटी घेऊन आला. लाल पोलादी पेटी, आत मखमलीसारख्या खाचांमध्ये ओळीने बसवलेल्या गोट्या, म्हणजे नटावर टोपीसारखे चढणारे पाने. वजन इतकं की तिच्यापायी त्याने स्वतःचे कपडे मागे ठेवले होते. काकांनी पेटी उघडली, बराच वेळ बघितली, एका गोटीवरून अंगठा फिरवला. "फर्स्ट क्लास," म्हणाले आणि झाकण लावलं. दादाचा चेहरा मला आठवतो. परीक्षेचा निकाल लागून पास झालेल्या मुलासारखा फुलला होता.

दादा परत गेल्यावर ती पेटी कपाटावर गेली आणि तिथेच राहिली. पुढची काही वर्षं त्याला येणं जमलं नाही. फोनवर तो न चुकता विचारायचा, "पेटी कशी आहे?" आणि काका न चुकता म्हणायचे, "फर्स्ट क्लास." इकडे इंजिनवर वाकडी आणि सासूबाईच राबत. मी एकदा काकांना छेडलं, तर ते झोपाळ्यावर डोळे मिटून म्हणाले, "बाजारच्या हत्याराला हात ओळखता येत नाही." मला त्यांचा मनापासून राग आला. एरवी गोड वाटणारा हट्ट पोटच्या मुलाच्या बाबतीत इतका कोरडा असू शकतो, हे मला पटेना.

दादा पुन्हा आला तो नवरात्रात. रात्री सगळं बडोदं गरब्याला जाई, पण दादाच्या मनात एकच होतं: गाडी तेल खायला लागली होती, आणि ते इंजिन बाबांच्या बरोबरीने पूर्ण उघडायचं. काका रोज टाळत. "बघू ने, घाई काय आहे," म्हणत. दसऱ्याला संध्याकाळी दादाचं विमान होतं, आणि नवमी उजाडली तरी बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं.

त्या घरात खंडेनवमी सणासारखी नव्हे, घरातल्या कुणाच्या वाढदिवसासारखी होत असे. काका पाटावर आपली सगळी हत्यारं मांडत, एकेकाला हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल वाहत. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, वर्षभर राबलेल्यांना तेवढी विश्रांती, असा नियम. मी मावशीला पुरण वाटायला मदत करायला सकाळीच गेले होते. काकांची मांडणी चालली होती आणि दादा दारात उभा राहून बघत होता. लाटणं आलं, सोऱ्या आला, तुपाच्या डब्याचा पत्रा आला. लाल पेटी आली नाही.

"बाबा, माझी पेटी?"

काका फुलं निवडत होते. "ज्याने काम केलं त्याची पूजा," ते हळूच म्हणाले. "ती अजून कामाला लागलेली नाही."

"तुम्ही लावली नाही!" दादाचा आवाज चढला. "रोज फोनवर फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास. सरळ सांगा ना, मी आणलेलं तुम्हाला नकोच होतं. लाटणं चालतं, मी चालत नाही. मग मी इकडे येतो तरी कशाला?"

मावशीचा पुरणाचा हात तसाच राहिला. काका काहीतरी बोलायला गेले, पण दादाने खुर्ची ओढून पेटी कपाटावरून खाली घेतलीसुद्धा. "पूजेच्या आधी काम करून दाखवतो. मग तर ठेवाल?" म्हणत तो ती उचलून गाडीकडे निघाला. मी त्याच्या मागोमाग गेले. मला खरंच भीती वाटत होती की हा मुलगा उद्या जाईल तो पुन्हा यायचा नाही.

त्याने बॉनेट उघडलं, पेटीचं झाकण वर केलं आणि एक गोटी काढून उजेडाकडे धरली. चकचकीत गोट्यांच्या पोटात पत्र्याचं बारीक अस्तर बसवलेलं होतं. तुपाच्या डब्याचा पत्रा, कुठे पिवळा छापील रंग दिसणारा. कुठे एकेरी, कुठे दुहेरी. कित्येक अस्तरं चुरगळून फाटली होती, ती काढून जपून खाचेत ठेवली होती आणि त्यांच्या जागी नवं कापून बसवलं होतं.

काका येऊन उभे राहिले होते. हातात फुलांची परडी तशीच.

"हे काय आहे, बाबा?"

"तुझ्या गोट्या इंचाच्या आहेत रे," काका म्हणाले. "गाडी मिलिमीटरची. दोनतीन बसतात. बाकीच्या एकतर चढत नाहीत, नाहीतर चढून नुसत्या फिरतात. सैल आहेत त्यांना अस्तर लावून बघत होतो. जोर दिला की फाटतं. एकदा जमलं की तुला सांगणारच होतो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? बदलून आणली असती ना!"

"पहिल्या पगाराची वस्तू बदलून आण म्हणू?" काकांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "आणि चूक तुझी कुठे होती? या घरात वाढलेल्या मुलाला नटाचा आकडा माहीत असणार कसा? मी तुला नावं शिकवली. आकडे शिकवलेच नाहीत."

दादाने अस्तर असलेली एक गोटी निवडली आणि इंजिनच्या वरच्या झाकणाच्या नटावर ठेवली. काकांनी परडी माझ्या हातात दिली आणि त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला. "जोर नको. कलाने घे." पत्रा करकरला. आता फाटणार म्हणून मी डोळे मिटून घेतले, आणि काकांचा आवाज ऐकला, "फिरला रे, फिरला!" इतक्या वर्षांत काकांना मी ओरडताना पहिल्यांदा ऐकलं.

पेटी पाटावर लाटण्याशेजारी बसली. कुंकू काकांनी लावलं, फूल दादाने वाहिलं. आणि पूजा झाल्यामुळे त्या दिवशी कशालाच हात लावता येईना.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दादा त्यानंतर दर वर्षी येत राहिला, पण इंजिन दोघांनी मिळून उघडायचं काही ना काही कारणाने राहूनच गेलं. त्याची दादाला हळहळ वाटते. मला वाटत नाही. मी त्या नवमीची दुपार बघितली आहे. जेवणं झाल्यावर बापलेक उघड्या बॉनेटजवळ दोन स्टुलं टाकून बसले होते. मावशी आत आडवी झाली होती, सोसायटीत चिडीचूप होतं, आणि मी ओट्यावरून ऐकत होते. काका इंजिनवरच्या एकेका नटावर नुसतं बोट टेकवत होते. "हा दहाचा." दादा म्हणे, "दहाचा." "हा तेराचा." "तेराचा." लहान मुलाला पाढे शिकवावेत तसं चाललं होतं, आणि कुणालाही घाई नव्हती. "हा सतराचा," काका म्हणाले. दादा आकडा म्हणायचं सोडून काकांच्या नखातल्या काळ्या ग्रीसकडे बघत राहिला. काकांनी बोट न उचलता तो आकडा पुन्हा एकदा, हळू सांगितला.